ज्याची भीती नव्हती त्याचं चित्र

बाबा, आज सकाळी मत देऊन आले. न्यू टाउनमधल्या आमच्या इमारतीसमोरच्या शाळेतच केंद्र होतं. ऊन चढायच्या आत उरकावं म्हणून लवकर निघाले, तरी रांग होतीच. माझ्यापुढची बाई फोनवर काहीतरी बघून हसत होती. तिने मागे वळून मलाही दाखवलं. इथल्याच एका उमेदवाराचं भाषण होतं. बोलताना त्याची जीभ अडखळली होती आणि कुणीतरी तेवढाच तुकडा कापून, त्याला ढोलाचा ठेका लावून, पुन्हा पुन्हा फिरवला होता. मी हसले. खरंच हसू आलं, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं त्या क्षणी मला काही दिसलं नाही. मग आत गेले, बटण दाबलं, घरी आले, सुनेने चहा दिला तो प्यायले. दुपारी कधीतरी लक्षात आलं की मी मघापासून मनातल्या मनात तुमच्याशी बोलतेय. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला काही लिहिलं नाही. तुम्ही होतात तेव्हाही कधी लिहायची वेळ आली नाही, लग्नाआधी आपण एकाच घरात होतो आणि लग्नानंतर दोन बस बदलल्या की मी तुमच्या दारात. त्यामुळे तुम्हाला पत्र कसं लिहितात ते मला ठाऊक नाही. मराठीतच लिहितेय. ऱ्हस्वदीर्घ तपासू नका.

तुमची नागपूरहून इथे बंगालात बदली झाली तेव्हा मी आठ वर्षांची होते. गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत तुम्ही ड्राफ्ट्समन होता. दिवसभर पुलांचे, फलाटांचे, पाण्याच्या टाक्यांचे आराखडे काढायचे आणि रविवारी सकाळी माणसं. आपल्या त्या भाड्याच्या घरात उजेड फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून यायचा, म्हणून तुम्ही तिथेच भिंतीला पाठ लावून, मांडीवर फळी घेऊन बसायचे. आई कोळशाच्या शेगडीवर पोळ्या करायची आणि मधूनच म्हणायची, "शाई सांभाळा, कणकेत उडेल." इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तुम्ही रंगवलेला पडदा पाहून एका बंगाली साप्ताहिकाच्या संपादकांनी तुम्हाला बोलावणं धाडलं. लहानसं साप्ताहिक, एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीत छापखाना, पण पहिल्या पानावरच्या व्यंगचित्रासाठी लोक ते हातोहात उचलायचे. तुम्ही सरकारी नोकर, म्हणून चित्राखाली सही नसायची. आणि तुमचं बंगाली बाजारापुरतंच, त्यामुळे चित्राखालची ओळ मी लिहायची. कॉलेजात जाणारी मुलगी आणि तिचे मराठी बाबा मिळून बंगाल्यांना हसवतात, याची आपल्या दोघांना केवढी मजा वाटायची. बाहेर कुणाला सांगता यायचं नाही, म्हणून ती मजा आणखी वाढायची.

मला ते बंगाली कुठून आलं हे तुम्हाला सांगायला नको. शाळेत पहिल्या वर्षी मुली माझ्या उच्चारांना हसायच्या आणि मी घरी येऊन आईच्या पदरात रडायचे. तेव्हा मागच्या गल्लीतले मास्टरमशाय आपण होऊन आपल्या घरी आले. मुलांच्या शाळेचे हेडमास्तर, उंच, वाकलेले, एकटेच राहणारे. त्यांची जीभ अडायची. एखाद्या अक्षरावर ते थांबले की डोळे मिटायचे, उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर टेकायचे आणि वाट पाहायचे, जणू तो शब्द जिन्यावरून येतो आहे. शब्द आला की पुढचं वाक्य अगदी सरळ. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी ते मला शिकवायला यायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुझं बंगाली अडतं, माझंही अडतं. आपण दोघं मिळून शिकू." ते अडले की आपल्या गल्लीत सगळे थांबायचे. मासळीवाला थांबायचा, रिक्षावाला थांबायचा, फुटबॉल खेळणारी पोरंसुद्धा चेंडू पायाखाली धरून उभी राहायची. त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. आपल्याकडे ती रीतच होती.

मग ती वर्षं आली. निवडणुका सणासारख्या लागोपाठ येत होत्या आणि प्रत्येक वेळी भिंती नव्याने रंगायच्या. एका बाजूची चित्रं, दुसऱ्या बाजूची चित्रं, एकमेकांना टोमणे मारणाऱ्या चारोळ्या. त्याच भिंतींच्या कडेला सकाळी कधी रक्त दिसायचं. दुकानांची दारं अर्धी उघडी, अर्धी बंद. दूर कुठे बॉम्ब फुटला की आई पोळी उलटता उलटता थांबायची, किती लांब असेल याचा अंदाज घ्यायची आणि पुन्हा पोळी उलटायची. मला त्या दिवसांतलं भय आठवत नाही. भयाची सवय आठवते. चप्पल दाराशी न काढता आत घ्यायची, खिडकीत फार वेळ उभं राहायचं नाही, कुणी काही विचारलं तर "आम्ही बाहेरचे, आम्हाला काय कळतं" म्हणायचं. तुम्ही हे वाक्य इतकं सफाईने बोलायला लागला होता की तेवढ्यापुरतं तुमचं बंगाली कुणालाही अस्सल वाटलं असतं.

त्या वर्षी मास्टरमशाय उभे राहिले. कुठल्याच पक्षाचे नाहीत, अपक्ष, निशाणी शिडी. आपल्याकडे येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा तुम्ही थट्टेने म्हणालात, "मास्टरमशाय, या वयात शिडी चढणार?" ते हसले नाहीत. म्हणाले, "इकडून मरतोय तो माझ्या वर्गातला, तिकडून मारतोय तोही माझ्या वर्गातला. ज्याच्यावर दोन्हीकडच्या पोरांचा हात उठणार नाही असा एक तरी माणूस उभा राहायला हवा की नको?" एवढं बोलायला त्यांना बराच वेळ लागला. आईने शेगडीवरचं दूध उतू जाऊ दिलं, पण मध्ये उठली नाही.

त्याच सुमारास तुम्ही नाक्यावर अड्डा असलेल्या पक्षाच्या पुढाऱ्याचं चित्र काढलं होतंत. प्रचंड मिशा, मिशांच्या झोपाळ्यावर बसलेली पोरं. फार सुंदर उतरलं होतं. ते छापून आल्यावर पुढच्या रविवारी सकाळी दोन मुलं घरी आली. चप्पल बाहेर काढून, हात जोडून आत आली. एक तर मास्टरमशायांचाच जुना विद्यार्थी. तुम्ही मांडीवरची फळी उलटी करून बाजूला ठेवलीत. आईने पाणी दिलं, रव्याचे लाडू दिले.

"काकाबाबू, काय हात आहे तुमचा," त्यातला मोठा म्हणाला. "आमच्या दादांनी चित्र पाहिलं. इतके हसले! कापून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय."

चित्राखाली सही नव्हती, बाबा.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "ही तुमची मुलगी ना? साडेपाचच्या ट्रामने येते. हल्ली दिवस बरे नाहीत, काकाबाबू. पण आम्ही असतो नाक्यावर. काळजी करू नका."

लाडू संपवून, वाट्या स्वतः मोरीशी नेऊन ठेवून ते गेले. आई म्हणाली, "किती सज्जन मुलं!" तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मी तुमच्याकडे. आईला त्यांचं बोलणं कळलं नसावं अशी आपण दोघांनी समजूत करून घेतली आणि तिला काही सांगितलं नाही. त्यानंतर सात-आठ दिवस तुम्ही कचेरीतून लवकर सुटून ट्रामच्या थांब्यावर येऊन उभे राहायचे. मी उतरले की म्हणायचे, "इकडून चाललोच होतो." गार्डन रीचहून घरी येताना तो थांबा वाटेत लागत नाही.

संपादकांकडे आपण बरोबर गेलो. त्यांच्या खिडकीची काच फुटली होती आणि तिथे जुन्या अंकांचे कागद चिकटवले होते. त्यांनीच विषय काढला. म्हणाले, "दोन्हीकडचे राहू द्या आता. पण पहिलं पान कोरं सोडता येणार नाही. लोक आपला अंक घेतात तो हसायला. या दिवसांत हसायला दुसरं आहे काय?" मग थोडा वेळ पान चघळत बसले आणि सहज सुचल्यासारखं म्हणाले, "मास्टरांचं काढा की. त्यांच्यामागे कोण आहे? ते कुणाच्या अंगावर येणार नाहीत."

तुम्ही म्हणालात, "ते आमच्या घरचे आहेत."

"मग तर रागावणारसुद्धा नाहीत," संपादक म्हणाले.

परत येताना ट्राममध्ये तुम्ही खिडकीशी बसला होता आणि मी शेजारी. मैदान मागे पडलं. तुम्ही बाहेर पाहत होता. मला वाटलं, तुम्ही आता म्हणाल की पुरे झालं, हे काम सोडून देऊ. मी तशी तयारीही केली होती, म्हणजे मला वाईट वाटलं असतं पण मी हो म्हटलं असतं. तुम्ही बाहेर बघतच विचारलंत, "ते अडतात तेव्हा त्यांचं तोंड नक्की कसं होतं गं?" आणि मी, बाबा, ट्राममध्ये तुम्हाला ते करून दाखवलं.

त्या रविवारचं चित्र तुमच्या सगळ्या चित्रांत चांगलं होतं, हे मी आजही म्हणेन. व्यासपीठावर मास्टरमशाय, डोळे मिटलेले, तोंड उघडं. समोर खुर्च्यांवर मतदार, त्यांच्या दाढ्या वाढून जमिनीला लागलेल्या, एकजण चक्क अंथरूण घालून निजलेला. मागे झाडांतून सूर्य वर येतोय. ओळ सुचायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. बंगालीत मताला भोट म्हणतात आणि पहाटेला भोर. "भो-भो-भोट चाइते चाइते भो-भो-भोर होलो." मत मागता मागता पहाट झाली. मी मोठ्याने म्हणून दाखवली आणि तुम्ही इतके हसलात की शाईची दौत हातात घट्ट धरावी लागली. मीही हसले. कित्येक दिवसांनी त्या स्वयंपाकघरात कुणी हसत होतं.

आईने लाटणं खाली ठेवलं. "काय म्हणतोय तो चित्रातला माणूस? भो भो? कुत्रा आहे का तो?"

"अगं, बंगालीत..." मी सांगायला लागले.

"मला बंगाली येत नाही, पण एवढं कळतं," ती म्हणाली. ती तुमच्याशी बोलत होती, माझ्याकडे पाहतही नव्हती. "दुसऱ्यांचं काढायला हात धजत नाही, म्हणून यांचं काढलंत. त्या पोरांना मी लाडू दिले ते काय मला काही कळलं नाही म्हणून? कळलं म्हणूनच दिले."

तुम्ही म्हणालात, "थट्टा आहे. मास्टरमशाय समजून घेतील." आईने पुन्हा लाटणं उचललं. दुपारी जेवणं झाली. तुम्ही चित्र पुठ्ठ्यात घालून छापखान्यात देऊन आलात.

अंक निघाला त्या आठवड्यात तुम्ही मला एस्प्लनेडला घेऊन गेलात. फुटपाथवरच्या दुकानात बसून चार पेनं कागदावर चालवून पाहिलीत आणि एक निळं घेतलंत. "तुझ्या ओळीला," म्हणालात. साप्ताहिक दुसऱ्यांदा छापावं लागलं होतं, ट्राममध्ये अनोळखी माणसं ती ओळ म्हणत होती. मला आनंद झाला होता. तो झाला नव्हता असं मी आता म्हणू शकत नाही.

पुढच्या आठ दिवसांत ती ओळ भिंतींवर गेली. आधी एका बाजूच्या पोरांनी लिहिली, मग दुसऱ्या बाजूच्या. एरवी एकमेकांवर बॉम्ब टाकणारे या एका बाबतीत एक झाले होते. चेंडू पायाखाली धरून थांबणारी लहान मुलं आता मास्टरमशाय दिसले की भो-भो करत त्यांच्या मागून पळायची, आणि त्यांच्या आया त्यांना रागवायच्याही नाहीत, तोंडावर पदर धरून हसायच्या. इतक्या वर्षांची थांबायची रीत एका आठवड्यात मोडली. पार्कात त्यांची सभा होती तिला मी गेले होते, तुम्हाला न सांगता. माणसं बरीच आली होती. ते बोलायला उभे राहिले आणि तिसऱ्याच वाक्याला 'भ' आला. त्यांनी डोळे मिटले. बोटं टेकवायला गुडघा नव्हता, उभेच होते ना, म्हणून ती हवेत हलली. मागून कुणीतरी ओरडलं, "भोर होलो!" मग सगळा पार्क. ती हसणारी माणसं वाईट नव्हती, बाबा. किराणावाला होता, आपले घरमालक होते, पोस्टमन होता. महिनोन् महिने दबून राहिलेली माणसं होती, आणि इथे हसलं तर कुणी दारात येऊन आपल्या मुलीच्या ट्रामची वेळ सांगणार नव्हतं. मास्टरमशाय तसेच उभे राहिले, हसू संपायची वाट पाहत. ते संपलं नाही तेव्हा नमस्कार करून खाली उतरले. मी गर्दीतून निघून घरी आले आणि तांदूळ निवडायला बसले.

मतदानाच्या दोन दिवस आधी ते आपल्या घरी आले. घरोघर जात होते तसे आपल्याकडेही, दुपारी चारच्या सुमारास. तुम्ही उठून उभे राहिलात. आई पाणी घेऊन आली आणि पेला त्यांच्या हातात देताना तिचे डोळे भरले. ते बसले, पाणी प्यायले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "छंद चांगला साधलाय. एक मात्रा जास्त होते, पण चालेल. ती माझ्या जिभेची आहे."

त्यांना कळलं होतं. वर्गातल्या मुलाची वही उघडावी आणि अक्षर ओळखावं, तसं त्यांनी ओळखलं होतं. तुम्ही काहीतरी बोलायला लागलात, "मास्टरमशाय, परिस्थिती अशी होती..." त्यांनी हात वर करून तुम्हाला थांबवलं. "मला ठाऊक आहे कोण आलं होतं तुमच्याकडे," ते म्हणाले. "त्यातल्या एकाला मीच अक्षरं शिकवली." मग जरा थांबून, यावेळी न अडता, "मत मात्र द्या." जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी वाकून नमस्कार केला. दोन्ही गोष्टी आम्ही सवयीने केल्या असं मला तेव्हा वाटलं. आता नक्की सांगता येत नाही.

माझं पहिलंच मत. एकविसावं पूर्ण झालं होतं. बायकांच्या रांगेत माझ्यापुढे घरमालकीणबाई होत्या, त्यांना आपण माशिमा म्हणायचो. त्यांचा मुलगा इंजिनिअरिंगला होता. त्या मागे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "मास्टर देवमाणूस आहे गं. पण बाहेर हे असं चाललंय. इथे धाक असलेला माणूस हवा. उद्या माझ्या पोराला कुणी उचललं, तर भो-भो करून कोण सोडवून आणणार?" आणि एवढ्या काळजीतही ते 'भो-भो' म्हणताना त्यांना हसू आलं. दाराच्या बाहेर ती दोन मुलं उभी होती. मला पाहून त्यातल्या मोठ्या मुलाने ओळखीची मान हलवली. आत गेले. पडद्याच्या पलीकडे टेबल, टेबलावर मतपत्रिका आणि शिक्का. शिडीचं चित्र खालून दुसरं होतं. मी ते पाहिलं आणि मला मास्टरमशाय दिसले नाहीत, तुमच्या चित्रातला उघड्या तोंडाचा माणूस दिसला. वाटलं, हा काय करणार. मग वाटलं, मतं मोजताना कोणत्या केंद्रातून काय निघालं ते त्यांना कळतंच म्हणे. दोन्ही विचार एकामागोमाग आले, कुठला आधी ते मला आठवत नाही. शिक्का मी त्या मुलांच्या निशाणीवर मारला. कुणी माझा हात धरला नव्हता.

तुम्ही कुणाला दिलंत ते मी विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. त्या संध्याकाळी तुम्ही जरा जास्तच बोलत होता, नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल, संत्र्यांबद्दल.

निकाल लागला. मास्टरमशायांना इतकी थोडी मतं पडली की दोन दिवस आपल्या गल्लीत माणसं एकमेकांच्या नजरेला नजर देईनाशी झाली. कारण प्रत्येक घराने त्यांना हो म्हटलं होतं, आणि आता प्रत्येकाला शेजारच्याचं कळलं होतं. मिशावाला पुढारी निवडून आला. त्याची मिरवणूक आपल्या खिडकीखालून गेली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत माशिमांच्या मुलाला भर दुपारी घरातून नेलं. कुणी नेलं ते सगळ्यांनी पाहिलं आणि कुणीच पाहिलं नाही. पाच दिवसांनी तो परत आला, चालत आला, पण उजव्या हाताने पुन्हा त्याला पेन्सिल धरता आली नाही. माशिमा पुढाऱ्याच्या दारात दोन वेळा जाऊन बसल्या होत्या. त्यांना चहा दिला, भेट दिली नाही. एकदा जिन्यात आईला म्हणाल्या, "मास्टर असते तर निदान त्यांच्यासोबत ठाण्यात जाता आलं असतं. त्यांना कुणी अडवलं नसतं." मास्टरमशाय तेव्हा गल्ली सोडून गेले होते. वर्गात मुलं भो-भो करायला लागल्यावर त्यांनी शाळा सोडली आणि बहिणीकडे गावी राहायला गेले. जाताना कुणाला भेटले नाहीत. त्यांच्या खोलीतून पुस्तकं हातगाडीवर लादून नेली, त्या दिवशी आपण घरीच होतो. तुम्ही खिडकीतून पाहिलंत आणि मग वर्तमानपत्र उघडलंत. वर्षभराने ते वारल्याचं कळलं. साधा ताप होता, असं म्हणाले.

तुम्ही चित्रं काढायचं सोडलं नाहीत, बाबा. मला वाटलं होतं सोडाल. तुम्ही वीज जाण्यावर काढलीत, खड्ड्यांवर, ट्रामच्या गर्दीवर, हिल्सा मासा मिळत नाही म्हणून रडणाऱ्या जावयावर. पुढारी कधी आलाच, तर नेहमी मागून, पाठमोरा. लोक हसत राहिले. ओळी लिहायला मी दोन वर्षांनी लग्न होईपर्यंत होते, मग दुसरं कुणी लिहू लागलं. आपण दोघांनी त्या चित्राचा विषय पुढच्या सगळ्या वर्षांत एकदाही काढला नाही. तुमच्या शेवटच्या आजारात मी आठ-आठ तास उशाशी बसून असायचे, तेव्हा वाटायचं की आता तुम्ही काढाल. तुम्ही पाणी मागायचे, पाय चेपायला सांगायचे. एकदा फक्त म्हणालात, "तुझी आई बरोबर बोलायची." कशाबद्दल, ते सांगितलं नाहीत, आणि मी विचारलं नाही. आई तेव्हा बाजूच्या खोलीत कपडे घड्या करत होती.

मला तुमचा राग येतो का, हे मी आज दुपारभर तपासून पाहिलं. येत नाही. तुम्हाला एकच मुलगी होती आणि तिच्या ट्रामची वेळ त्यांना ठाऊक होती. मी तुमच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. माझ्या जागी होते तेव्हाही तेच केलं, आणि मला तर कुणी धमकीसुद्धा दिली नव्हती. मला फक्त ओळ सुचली होती. दुःख होतं का, तेही पाहिलं. जुन्या दुखण्याच्या जागी दाबून पाहावं आणि काही न कळावं, तसं आहे.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायला हवी. माझ्या मुलाला, आणि आता नातवंडांना, मी तुमची एक गोष्ट सांगते. त्या गोष्टीत ती दोन मुलं घरी येतात, तुम्हाला धमकावतात, संपादक म्हणतात त्या गरीब मास्तरांचं चित्र काढा, आणि तुम्ही फळी बाजूला ठेवून नाही म्हणता. दुसराच कुणी चित्रकार ते चित्र काढतो. ओळही दुसराच कुणी लिहितो. नातवंडांना ती फार आवडते, धाकटी तर "पणजोबा घाबरले नाहीत ना?" असं प्रत्येक वेळी विचारते आणि मी नाही म्हणते. पहिल्यांदा ती गोष्ट मी मुलाला भरवताना सांगितली, तेव्हा तुम्ही हयात होता आणि शेजारीच बसला होता. तुम्ही ऐकलीत. खोडून काढली नाहीत. घरात मराठी वाचता येणारी मी एकटीच उरले आहे, तरी कुणी ना कुणी यांना हे वाचून दाखवेल, म्हणून हे कागद मी फाडून टाकणार आहे. गोष्ट तशीच सांगत राहीन. त्या गोष्टीतले तुम्ही मला जास्त आवडता.